उकिडवे काकांचं वाळवंट

सिंगापुरात बुकित बातोकला आमच्या ब्लॉकच्या मागे गाड्या लावायची बहुमजली इमारत आहे. तिच्या सगळ्यात वरच्या, उघड्या मजल्यावर भर दुपारी एक गृहस्थ लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले दिसले, डोक्यावर रुंद कडांची टोपी, गळ्यात ओला पंचा, शेजारी पाण्याचा कॅन आणि मांडीवर स्टीलचा डबा, तर घाबरू नका. ते शरद उकिडवे. ते सध्या वाळवंटात आहेत.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरले होते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो मजला सरळ खाली दिसतो. पोळ्या लाटता लाटता माझं लक्ष गेलं आणि वाटलं, म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊन तो बसलाय. गॅस बंद केला, चपला अडकवल्या आणि धावत तिथे गेले.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"उत्तम आहे," ते म्हणाले. "जरा बाजूला हो. सावली पडते तुझी."

मी बाजूला झाले. मग मला समजावून सांगण्यात आलं, की गाडी बंद पडली आणि मदत यायला वेळ लागला, तर माणूस किती पाण्यावर किती वेळ तग धरतो याची ही चाचणी आहे. डब्यात काय आहे म्हणून विचारलं, तर दशम्या. दुधात भिजवलेल्या. त्याही चाचणीतच होत्या.

एवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या चिनी आंटी हातात थंड चहाचं पाकीट घेऊन आल्या. त्यांनीही खिडकीतून पाहिलं असणार. काकांकडे फार करुणेने बघत त्या म्हणाल्या, "अंकल, वाइफ चेस यू आउट, इज इट?"

"नो, नो," काका म्हणाले. "आय ॲम इन ऑस्ट्रेलिया."

आंटींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पाकीट खुर्चीच्या पायाशी ठेवलं आणि निघून गेल्या. तीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि बदाबदा पाऊस कोसळला. सिंगापूरचं वाळवंट म्हटल्यावर दुसरं काय होणार? काका खुर्ची डोक्यावर धरून जिन्याकडे पळाले. दशम्या भिजल्या.

मला नसत्या चौकशा करायची फार हौस. बँकेत हिशेब तपासण्याची नोकरी करता करता ती वाढलीय, की तिच्यामुळेच ती नोकरी मिळाली, कोण जाणे. पण त्या दिवसापासून उकिडवे काका हा माझा विषय झाला.

काका आणि सुलभाकाकू आमच्या दोन मजले खाली राहतात. काका मूळचे पुण्याचे, पण इथे इतकी वर्षं झाली की पुण्यात गेल्यावर रस्ता ओलांडायला त्यांना दुसऱ्याचा हात धरावा लागतो. निवृत्त होईपर्यंत ते बंदरात होते. जहाजावर कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, हे ठरवण्याचं काम. जड ते खाली, हलकं ते वर आणि पुढच्या बंदरात जे उतरणार ते सगळ्यांच्या वर, नाहीतर एक डबा काढायला शंभर डबे हलवायला लागतात. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं, की आता त्यांना जग तसंच दिसतं. "आधी उतरणार ते वर," हे त्यांचं पालुपद. काकूंचा फ्रिज ते लावतात. दुकानात आमच्या पिशव्या ते भरतात. लिफ्टमध्ये शिरले, की आधी सगळ्यांचे मजले विचारून घेतात. "यू? थर्ड फ्लोअर? प्लीज कम इन फ्रंट. यू, फिफ्टीन? गो बॅक, गो बॅक." लोक मुकाट्याने हलतात. त्यांच्या आवाजातच क्रेन हलवायची सवय आहे.

आणि या माणसाच्या डोक्यात बसलं होतं ऑस्ट्रेलियाचं वाळवंट. पर्थला विमानाने जायचं, तिथे गाडी भाड्याने घ्यायची आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे, नल्लारबोरचं पठार ओलांडून ॲडलेडला पोचायचं. झाड नाही, वस्ती नाही, एका पेट्रोल पंपावरून निघालं की पुढचा कुठल्या कुठे. वाटेत एक पट्टा असा आहे, की जवळजवळ दीडशे किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही.

ॲडलेडला त्यांचा मुलगा असतो, तन्मय. शिकायला म्हणून गेला आणि तिथेच नोकरी लागली. तो घरी येऊन बरीच वर्षं झाली. काकू वर्षातून एकदा विमानात बसतात आणि थेट त्याच्याकडे जातात. काका जात नाहीत.

"मी जाईन तर रस्त्याने," ते म्हणतात.

आता तुम्हीच सांगा, सिंगापूरहून ॲडलेडला सरळ विमान आहे. एक झोप, एक सिनेमा, की मुलगा समोर. ते सोडून भलत्याच टोकाला उतरायचं आणि कांगारू चुकवत तीन दिवस गाडी हाणायची, हे कुठलं डोकं? मी काकूंना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या.

"मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मला तीन वर्षं हेच ऐकू येतंय. यंदा नक्की, यंदा नक्की. एका वर्षी टायरचा अभ्यास राहिला, एका वर्षी पाण्याचा. हे तयारीच करत राहणार आणि तिकडे तो पोरगा..." त्यांनी एक काडी मोडली. "भांडण असतं ना गं, तर मिटवलं असतं मी. भांडणच नाही. हे आयुष्यभर बंदरात, पाळीवर. तो शाळेत, मग इथल्या सक्तीप्रमाणे दोन वर्षं सैन्यात. शनिवार-रविवार घरी यायचा तो झोपायलाच. दोघं एकमेकांना कधी वाईट शब्द बोलले नाहीत. चांगलाही नाही. आता फोनवर दोन वाक्यं होतात आणि फोन माझ्याकडे येतो. मी आहे तोवर ठीक आहे. मधला माणूस गेला की संपलं."

मेथीची जुडी मोठी होती. मीही बसले निवडायला. एका काकांच्या वाळवंटात काकूंचं एवढं काही अडकलेलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पारदर्शक प्लास्टिक आहे आणि त्याच्याखाली ऑस्ट्रेलियाचा नकाशा पसरलाय. त्यांच्याकडे जेवायला बसलं, की आमटीची वाटी नेहमी नल्लारबोरवर येते. काका घासागणिक बोटाने पुढे सरकत असतात. "इथे पेट्रोल. इथे मुक्काम. इथे घड्याळ पाऊण तास पुढे." एकदा आमरसाचा थेंब प्लास्टिकच्या फटीतून आत गेला आणि दक्षिणेचा सगळा समुद्र पिवळा झाला. काकांनी तो तसाच ठेवलाय.

दशम्यांचा प्रयोग महिनाभर चालला. दूध घातलेली, तूप घातलेली, गूळ घातलेली, अशा निरनिराळ्या दशम्या खिडकीत मांडलेल्या असत आणि काका रोज एकेक कोपरा मोडून खात. पण आपल्या इथली हवा! इथे पापडसुद्धा डब्यातून बाहेर काढला की लाजून मऊ पडतो. दशम्यांना बुरशी आली, काकांचं पोट बिघडलं आणि प्रयोग कॉर्नफ्लेक्सवर येऊन थांबला. "वाळवंटात जायचं यांना," काकू म्हणाल्या, "आणि वाळवणं माझ्या माथी."

मग सामान भरण्याची रंगीत तालीम झाली. त्यासाठी काकांनी तासावर मिळणारी भाड्याची गाडी घेतली आणि ती पार्किंगच्या वरच्या मजल्यावर नेली. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. बघण्यासारखी गोष्ट होती ती, खोटं का बोलू. पाण्याचे कॅन तळाला, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे. त्यावर तंबू, त्यावर धान्य, स्टोव्ह, कपडे आणि अगदी वर पहिल्या दिवशीचा डबा, टॉर्च आणि मलमपट्टीची पेटी. बोट घालायला फट उरली नव्हती. काका दोन पावलं मागे गेले आणि कमरेवर हात ठेवून डिकीकडे बघत राहिले. एवढ्या प्रेमाने ते कुणाकडे बघताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "स्टेपनी कुठाय?"

"असते ना. डिकीच्या तळाला, पत्र्याखाली."

"म्हणजे पंक्चर झालं तर..."

काकांनी एकदा सामानाकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे. मग अतिशय दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "जहाजाला स्टेपनी नसते."

पुढचे दोन तास आम्ही सगळं उतरवून पुन्हा भरलं. मी माझ्या शनिवारावर पाणी सोडलं.

पण या सगळ्यात एक गोष्ट मला खटकायला लागली होती. पाणी दोघांचं. ताटल्या दोन. झोपायच्या पिशव्या दोन. आणि काकू तर येणारच नव्हत्या. त्यांना गाडी लागते. चांगी विमानतळावर टॅक्सीने जातानासुद्धा त्या लिंबू हुंगत जातात. "मी विमानाने पुढे जाऊन बसेन," असं त्यांनी पहिल्याच वर्षी जाहीर केलं होतं.

"दुसरं कोण आहे काका?" मी एकदा सरळ विचारलं.

"ते ठरतंय," म्हणून काका पेट्रोलकडे वळले.

मला पुढे काही विचारू देईनात. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला क्वारंटाइनचा अधिकारी केलं. त्या रस्त्यावर मध्येच तपासणी असते. फळं, भाज्या, असलं काही पुढे नेऊ देत नाहीत. मी त्यांच्या दिवाणखान्यात स्टुलावर बसले आणि ते खुर्चीत, हातात काल्पनिक स्टिअरिंग धरून. मी दटावून विचारलं, "व्हॉट इज इन द बॅग?"

"मेतकूट."

"व्हॉट इज मेतकूट?"

काका सरसावून बसले. "रोस्टेड राइस. रोस्टेड दाल. टर्मरिक. ऑल पावडर, ऑफिसर. नो सीड, नो फ्रूट. यू पुट ऑन सॉफ्ट राइस, विथ घी."

"व्हाय यू नीड इट इन डेझर्ट?"

एवढं बिनतोड उत्तर देणारा माणूस इथे अडला. स्टिअरिंग धरलेले हात हळूहळू खाली आले. "ही लाइक्स," ते म्हणाले. "व्हेन ही वॉज स्मॉल, ही हॅड फीव्हर, दॅट टाइम ही लाइक्स." मग एकदम भानावर येऊन मराठीत म्हणाले, "हे नको सांगायला ना अधिकाऱ्याला? अवांतर आहे."

मी म्हटलं, "जाऊ दिली गाडी. पुढे चला." स्वयंपाकघरात काकूंचा मिक्सर उगाचच बराच वेळ चालू होता.

दुसरं कोण, हे आता मला कळलं होतं. कळलं नव्हतं ते वाळवंट. बापाला मुलाबरोबर राहायचं असेल, तर त्याच्या घरी जाऊन सोफ्यावर बसावं. खिचडी खावी, बागेत फिरावं. त्याला स्टोव्ह आणि तंबू कशाला लागतो?

त्याचं उत्तर मिळालं ते सरावाच्या फेरीत. लांब गाडी चालवायची सवय हवी म्हणून काका रविवारी सकाळी भाड्याची गाडी घेऊन बाहेर पडतात. पण इथे लांब जायचं कुठे? पूर्वेला चांगी लागतं, पश्चिमेला तुआस लागतं, दोन्हीकडे पुढे समुद्र. तासा-दीड तासात आख्ख्या देशाला प्रदक्षिणा होते. चांगीला विमानतळाच्या धावपट्टीच्या कडेने एक रस्ता आहे, तो त्यातल्या त्यात सरळ. काका त्याच्यावरून जातात, वळतात, परत येतात, पुन्हा वळतात. गाडीतली रस्ता सांगणारी बाई बिचारी "यू-टर्न घ्या, यू-टर्न घ्या" म्हणून थकून जाते.

त्या रविवारी मी शेजारच्या सीटवर होते. आणि काकांचं लक्ष रस्त्यापेक्षा माझ्यावरच जास्त.

"कंटाळा आला का?"

"नाही काका."

दोन वळसे झाले. "आता?"

"थोडासा."

"फोन बघावासा वाटतो का? बघ, बघ. लाजू नको. मला कळायला हवं, तरुण माणूस कधी फोन काढतो ते. आणि काढल्यावर किती वेळाने ठेवतो. रेंज नसली तर काय करतो?"

"रेंज नसली तर ठेवूनच देतो ना!"

"हं," काका म्हणाले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "तिथे रेंज नाही. मी पाहून ठेवलंय."

गाडी परत करून आम्ही ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये बसलो. काकांनी बिनसाखरेची काळी कॉफी घेतली, मी दुधाची. आणि मग मी माझा खास स्वभाव वापरला.

"काका, तन्मयला न्यायचंय ना तुम्हाला? मग तो काय म्हणाला?"

काका कॉफी ढवळत राहिले. साखर नव्हती तरी ढवळत होते.

"अजून विचारलं नाही."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "तीन वर्षं झाली काका!"

"अर्धवट प्लॅन घेऊन कसं विचारायचं? तो म्हणणार, पाण्याचं काय. तो म्हणणार, पंक्चर झालं तर. खायचं काय, झोपायचं कुठे, तुम्हाला या वयात झेपेल का. प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर पाहिजे. सगळी उत्तरं दिली, की मग नाही म्हणायला त्याच्याकडे एकच कारण उरतं."

"कुठलं?"

"माझ्याबरोबर यायचं नाही, हे." काकांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "म्हणून मग मी आणखी एक काहीतरी शोधतो. टायर म्हणा, पाणी म्हणा. तेवढंच ते कारण पुढे जातं."

शेजारच्या टेबलावर दोन अंकल मोठमोठ्याने हसत होते, त्यांचा मला उगाचच राग आला.

"पण वाळवंटच का, काका? त्याच्या घरी जा ना."

"गेलो होतो एकदा, पहिल्या वर्षी. तो समोर बसला, मी समोर बसलो. काय बोलणार? तोंडाकडे बघून मला बोलता येत नाही गं. माझ्या वडलांशीही मी कधी बोललो नाही. गाडीत बरं असतं. दोघांनी पुढे बघायचं. हात कामात असतात. बोललं तर बोललं, नाही तर रस्ता आहे." त्यांनी कप बशीत फिरवला. "इथे गाडी नव्हती आमच्याकडे. आणि असती तरी काय? या देशात कुठेही जा, वीस मिनिटांत पोचतो माणूस. वीस मिनिटं तर मला घसा साफ करायलाच लागतात. म्हणून म्हटलं, जगात जिथे सगळ्यात उशिरा पोचतो, असा रस्ता बघू."

मी नकाशात तो रस्ता शंभरदा पाहिला होता, आमटीच्या वाटीखाली. तो इतका लांब का आहे, हे आत्ता कळलं. आणि मला त्या माणसाबद्दल एकदम इतकं प्रेम वाटलं, की मी तिथल्या तिथे त्यांना झापलं.

"आजच विचारायचं," मी म्हटलं. "आज रविवार आहे. फोन येणार आहे. मी येतेय वर."

"स्टोव्हचं अजून..."

"स्टोव्ह गेला खड्ड्यात!"

तन्मयचा फोन दर रविवारी दुपारी जेवणानंतर येतो. काकू टेबलाशी बसून, फोनचा आवाज मोठा ठेवून बोलत होत्या; ऑफिस, थंडी, गुडघा, शेजारणीचं लग्न. मी सोफ्यावर, काका माझ्या शेजारी, शाळेत तोंडी परीक्षेला बसल्यासारखे. काकूंना मी येतानाच स्वयंपाकघरात खुणेने सांगितलं होतं. त्यांनी नेहमीसारखं "बाबांशी बोल" म्हटलं, पण फोन काकांच्या हातात देताना त्यांची बोटं जरा जास्त वेळ फोनवर राहिली.

"जेवलास?" काका म्हणाले.

"येस, बाबा. यू?"

"हो." इथे नेहमी 'बरं' येतं आणि फोन परत जातो. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. आणि मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. पर्थ, गाडी, पाण्याचे कॅन, टायरमधली हवा, पेट्रोल पंप कुठे कुठे, संध्याकाळी कांगारू येतात म्हणून दिवस मावळायच्या आत थांबायचं, स्टेपनी आता वरच्या वर निघते, मेतकुटाला हरकत नाही. एका दमात. विचारायचं सोडून सगळं सांगितलं.

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"बाबा," तन्मय म्हणाला, "यू ड्रायव्हिंग अलोन?"

"नाही. दोघं."

"आईला तर गाडी लागते. हू इज द अदर पर्सन?"

काकांनी घसा साफ केला. "तू," ते म्हणाले. "म्हणजे तुला जमत असेल तर. रजा वगैरे बघून. जबरदस्ती नाही."

काकू टेबलावरचं प्लास्टिक पुसत होत्या. जागा कोरडी होती.

"हाऊ मेनी डेज, बाबा?"

"तीन. तीन दिवसांत होतं. मी बघितलंय सगळं."

"थ्री डेज? नो लाह, बाबा."

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. काहीच झालं नाही त्यावर. इतक्या वर्षांच्या सवयीने तो नीट बंद झाला. "बरं बरं," ते घाईघाईने म्हणाले, "काही हरकत नाही. कामं असतात. आईशी बोल हं," आणि फोन काकूंच्या दिशेने पुढेही झाला.

"बाबा! वेट, वेट!" फोनमधून आवाज आला. "थ्री डेज टू फास्ट, आय मीन. इतकं लांब जायचं आणि नुसतं धावायचं? मी त्या रोडबद्दल ऐकलंय. समुद्राला लागून मोठे कडे आहेत, तिथून व्हेल दिसतात. मधे थांबूया ना. वन वीक घेऊया. मी लीव्ह टाकतो. कॅन?"

काकांनी फोन परत कानाशी नेला. "आठवडा?" ते म्हणाले.

"कॅन ऑर नॉट, बाबा?"

"कॅन," काका म्हणाले. उभ्या जन्मात सिंगापुरी न बोललेला माणूस. "कॅन. कॅन."

त्यापुढे ते दोघं काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण काकूंनी माझ्याजवळ येऊन माझा हात असा काही दाबून धरला होता की बांगडी रुतत होती. बहुतेक व्हेलबद्दल बोलले. काही वेळाने फोन ठेवला गेला. काकूंकडे न देताच.

काका सोफ्यावर तसेच बसून राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, पाण्याचा हिशेब पुन्हा मांडायला हवा, डिकी पुन्हा भरायला हवी. पण त्यांना त्यातलं काहीच आठवत नसावं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. चेहरा पार भेदरलेला.

"सुलभा," ते म्हणाले, "आठवडाभर मी त्याच्याशी काय बोलणार गं?"

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"तुम्ही कशाला बोलताय?" त्या म्हणाल्या. "त्याला बोलू द्या. तुम्ही ऐका."